पूर्व आणि पश्चिमेच्या संगीतातली देवाणघेवाण कानाने कशी ओळखायची

ज्या संगीतात दोन्हीकडचं काहीतरी मिसळलंय असं वाटतं ते ऐकताना मी दोन प्रश्न धरून बसतो, काय घेतलंय आणि काय सोडलंय. पहिला प्रश्न सगळेच विचारतात, सतार वाजली की भारतीय, व्हायोलिन वाजलं की वेस्टर्न, झालं. पण खरी गंमत दुसऱ्या प्रश्नात आहे, कारण कुठल्याही संगीताने दुसऱ्याकडून सगळंच्या सगळं कधीच उचललेलं नाही, आपल्याला हवं तेवढं घेतलं आणि बाकीचं निगुतीने बाजूला ठेवलं. ते बाजूला ठेवलेलं कळायला लागलं की एकच गाणं दुप्पट ऐकू येतं. त्यासाठी नोटेशन यायला पाहिजे असं काही नाही, रागज्ञान पण नसलं तरी चालेल, फक्त थोडी कानाची तयारी लागते.

तर आधी तयारी. चार गोष्टी एकेक करून ऐकायच्या, एकदम नाही. पहिली म्हणजे खालचा षड्ज जागचा हलतोय का. तानपुरा किंवा तसा धरलेला सूर पूर्ण वेळ एकच असेल तर तो आधार पूर्वेकडचा असण्याची शक्यता मोठी (स्कॉटिश बॅगपाइपमधे पण धरलेला सूर असतो, तेव्हा लगेच निकाल देऊ नका). दुसरी, सुरावटीच्या खाली कॉर्ड (एकाच वेळी वाजणारे तीन-चार सूर) बदलतायत का. हे ओळखायची सोपी युक्ती म्हणजे गाण्याबरोबर तोंडाने एकच सा धरून ठेवायचा आणि बघायचं की तो सगळीकडे बसतोय की काही ठिकाणी टोचतोय, बऱ्याचदा टोचतो तिथे खालची कॉर्ड बदललेली असते. तिसरी, एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना पायरीसारखं जातायत की मींड घेऊन, म्हणजे न तुटता सरकत. चौथी, मात्रा मोजायच्या, हाताने टाळी देत, आणि मोजणी पुन्हा पहिल्या मात्रेवर कधी येते ते पकडायचं. एवढ्या चार गोष्टींवर पुढचं बरंचसं उभं आहे.

आता एक प्रयोग सांगतो तो नक्की करा कारण यावर नुसतं वाचून काही होत नाही. मोबाइलवर तानपुऱ्याचं चांगलं अ‍ॅप लावा, शक्यतो हेडफोनवर, खरा जुळवलेला तानपुरा असला तर प्रश्नच नाही. खर्जाची तार वाजली की शांतपणे तिच्या वरचे सूर शोधा, थोड्या वेळाने त्यात एक गंधार ऐकू यायला लागेल जो कुणी छेडलेलाच नाहीये. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात, तो तारेच्या पाचव्या हार्मोनिकमधून, म्हणजे मूळ सुराच्या पाचपट कंपनातून, आपोआप येतो. आता कीबोर्डवर किंवा पेटीवर त्याच पट्टीतला शुद्ध गंधार दाबा. दोन्ही एकत्र ऐका. पेटीचा गंधार किंचित चढा लागेल आणि दोन्ही सुरांमधे एक बारीक थरथर जाणवेल. एका सप्तकाचे १२०० सेंट धरले तर स्वयंभू गंधार साधारण ३८६ सेंटवर येतो आणि पियानो, कीबोर्डचा गंधार ४०० वर, कारण तिथे सप्तकाचे १२ सारखे भाग केलेत. हा १४ सेंटचा फरक लहान वाटतो पण पूर्व-पश्चिमेच्या निम्म्या भांडणाचं मूळ यात आहे. पश्चिमेला कुठल्याही सुरावरून कॉर्ड सुरू करता यायला हवी होती, त्यासाठी सगळे सूर थोडे थोडे हलवायला ते तयार झाले. रागसंगीतात सा जागेवरच राहतो त्यामुळे ती गरजच पडली नाही. हा फरक एकदा कानात बसला की हार्मोनियमवरून एवढा वाद का झाला ते आपोआप कळतं.

हार्मोनियमचंच घ्या. अलेक्झांद्र दबॅं याने १८४२ मधे पॅरिसमधे हार्मोनियमचं पेटंट घेतलं, ते पायाने भाता मारायचं, खुर्चीवर बसून दोन्ही हातांनी वाजवायचं वाद्य होतं. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता मारायची, जमिनीवर बसून वाजवायची पेटी केली. आता विचार करा, डावा हात भात्याला गेला म्हणजे कॉर्ड वाजवायचा हातच गेला! वाद्य घेतलं आणि ज्या हार्मनीसाठी, म्हणजे अनेक सूर एकत्र वाजवण्यासाठी, ते बनलं होतं तीच सोडून दिली, उरलेल्या एका हाताने गाण्याच्या मागून सुरावट धरायची. मला हा सगळ्या देवाणघेवाणीतला सगळ्यात धीट निर्णय वाटतो. अडचणी होत्याच, पेटीवर मींड येत नाही, आणि वर सांगितलेला गंधार चढा. म्हणूनच ऑल इंडिया रेडिओने १९४० मधे पेटीवर बंदी घातली ती पुढे तीसएक वर्षं टिकली. तरीसुद्धा पेटी संगतीतून गेली नाही. चांगला पेटीवादक ऐकताना लक्ष द्या, तो दोन सुरांमधली जागा बोटांच्या चपळाईने आणि भात्याच्या दाबाने अशी भरतो की कानाला मींड असल्याचा भास होतो.

आणि आता उलट बाजू. पेटीत सूर निघतो तो एका बाजूने मोकळ्या असलेल्या धातूच्या पातळ पत्तीतून, हवा गेली की ती पत्ती थरथरते. अशी मोकळी पत्ती चीनच्या शेंग नावाच्या बांबूच्या नळ्यांच्या वाद्यात फार जुन्या काळापासून आहे. १८व्या शतकात युरोपातल्या लोकांचं तिच्याकडे लक्ष गेलं आणि पुढच्या काही दशकांत तिकडे माउथ ऑर्गन, अकॉर्डियन, हार्मोनियम अशी रांगच लागली. म्हणजे पेटीला परदेशी वाद्य म्हणून नाकारणारे आणि युरोपची देणगी म्हणून मिरवणारे दोघंही अर्धीच गोष्ट सांगतात. शेंगचं एखादं रेकॉर्डिंग शोधून ऐका, त्याचा पोत पेटीच्या किती जवळ आहे ते बघा. फक्त शेंगवर एका वेळी अनेक सूर वाजतात आणि पेटीवादकाने इथे तेच टाळलं.

व्हायोलिनची गोष्ट अशीच गोल फिरून आलेली. गजाने तार घासायची कल्पना मध्य आशियाकडून साधारण १०व्या-११व्या शतकाच्या सुमारास बायझंटाइन आणि अरब प्रदेशांमधून युरोपात पोचली, तिथे पाचएकशे वर्षांनी व्हायोलिन घडलं, आणि मग ते वाद्य दक्षिण भारतात आलं. कर्नाटक संगीतातले मोठे रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर यांचे धाकटे भाऊ बालुस्वामी दीक्षितर हे मद्रासकडे युरोपियन पद्धतीचं व्हायोलिन शिकले आणि १९व्या शतकाच्या सुरुवातीपासून ते कर्नाटक संगीताच्या संगतीत रुजत गेलं. इथे ऐकण्याआधी बघा. कर्नाटक वादक मांडी घालून बसतो, व्हायोलिनचं टोक उजव्या पायाच्या घोट्यापाशी टेकवतो, त्यामुळे डाव्या हाताला वाद्य धरायचं कामच राहत नाही आणि तो तारेवर वरखाली मोकळा सरकतो, गमकं, म्हणजे सूर हलवण्याचे प्रकार, त्यातूनच येतात. तारा पण युरोपसारख्या ओळीने पंचमाच्या अंतरावर नाहीत, सा-प-सा-प अशा लावतात. एकाच दिवशी एक युरोपियन व्हायोलिन सोनाटा ऐका आणि एक कर्नाटक कचेरी, म्हणजे मैफल. लाकूड तेच, आकार तोच, गज तोच. सोडलं काय तर हार्मनी, व्हायब्रॅटोची (धरलेला सूर कापवत ठेवायची) सवय, बसायची पद्धत आणि तारांची जुळवणी.

याच घरात एक वेगळा प्रयोग पण झाला. मुत्तुस्वामी दीक्षितरांनी युरोपियन बँडच्या चालींवर संस्कृत रचना बांधल्या, त्यांना नोट्टुस्वर म्हणतात, अशा चाळीसच्या आसपास आहेत. 'संततं पाहि माम्' ऐका, चाल इंग्लंडच्या राष्ट्रगीताची आहे. वरच्या चार गोष्टींतली तिसरी इथे लावा, सूर सरळ पायरीने जातात, गमक जवळजवळ नाहीच. मग याच दीक्षितरांची शंकराभरणातली एखादी नेहमीची कृती ऐका. सप्तक तेच आहे, म्हणजे पश्चिमेचं मेजर, पण सूर हलायला लागले की गाव बदलतं. चाल घेणं आणि वाद्य घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे या एका कुटुंबात शेजारी शेजारी ऐकायला मिळतं.

आता पश्चिमेकडे जाऊ. तिथल्या ऑर्केस्ट्रात बास ड्रम आणि झांजा कायमच्या आल्या त्या तुर्की मेहतर बँडमुळे, म्हणजे ऑटोमन सैन्याबरोबर चालणाऱ्या वादकांमुळे. १८व्या शतकात युरोपातल्या दरबारांना या आवाजाचं वेड लागलं होतं. मोझार्टचा १७८२ चा सेराग्लिओ ऑपेरा, त्याच्या ११व्या पियानो सोनाटाचा 'अल्ला तुर्का' नावाचा शेवटचा भाग, आणि बेथोवनच्या १८२४ च्या नवव्या सिंफनीत शेवटच्या भागात मधेच जो मार्च सुरू होतो तो, हे तीन लागोपाठ ऐका. मार्चमधे बास ड्रम, झांजा, ट्रँगल अगदी स्पष्ट ऐकू येतात. पियानो सोनाटात तर ढोल नाहीच, डावा हात त्याचं काम करतो, कॉर्डआधी पटकन मारलेले ते छोटे सूर ढोलाच्या ठोक्यासारखे लागतात. मग एखादा खरा मेहतर बँड ऐका आणि शोधा काय नाहीये युरोपमधल्या रचनेत. झुरना नाही, ती कर्कश सनईसारखी सुरावट नाही, मकाम म्हणजे तिकडचे राग नाहीत, त्यांचे ते बारीक मधले सूर नाहीत. ठोका घेतला, सूर सोडला. आणि १८२६ मधे सुलतान दुसरा महमूद याने ज्यांच्याबरोबर मेहतर चालायचा ते जॅनिसरी सैन्यच मोडीत काढलं, मेहतर गेला आणि १८२८ मधे दरबारात युरोपियन पद्धतीचा बँड बसवायला जुझेप्पे दोनिझेत्तीला बोलावलं, प्रसिद्ध ऑपेराकार गाएतानो दोनिझेत्तीचा हा मोठा भाऊ. म्हणजे ज्यांच्याकडून युरोपने लष्करी बँड ऐकून घेतला त्यांनीच तो परत युरोपकडून घेतला.

फ्रेंच संगीतकार दब्युसीबद्दल थोडं सावकाश. १८८९ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याने जावाचा गमेलान ऐकला, म्हणजे कांशाच्या पट्ट्या, घंटा, गॉन्ग यांचा वाद्यमेळ. १९०३ मधे त्याची 'पागोद' नावाची पियानो रचना आली. नेहमी सांगतात की यात पाच सुरांचं सप्तक आहे म्हणून पूर्वेचं, पण एवढ्यावर थांबू नका, ती सगळ्यात वरवरची गोष्ट आहे. थर ऐका. सगळ्यात खाली एखादा खर्ज सूर वाजवून लांबवर राहू दिलाय, मधे संथ सुरावट, आणि वर जलद बारीक नक्षी. गमेलानची रचना नेमकी अशी असते, मोठा गॉन्ग सगळ्यात कमी वेळा वाजतो, जितकं वाद्य लहान तितकं ते जास्त भराभर. म्हणजे दब्युसीने वाद्य घेतलं नाही, चाल घेतली नाही, बांधणी घेतली, आणि माझ्या मते हे सगळ्यात खोल घेणं आहे. सोडावं लागलं ते ट्यूनिंग, कारण प्रत्येक गमेलान संचाचे सूर त्याचे त्याचे असतात आणि पियानोच्या पट्ट्यांमधे ते बसतच नाहीत. आधी जावाचा गमेलान दहा मिनिटं ऐका, मग लगेच पागोद लावा. हा क्रम बदलू नका, पियानो आधी ऐकला तर कान पियानोच्या सुरांना सरावतो आणि गमेलान बेसूर वाटतो, जो तो मुळीच नाहीये.

१९६० च्या दशकाबद्दल सगळ्यांना माहिती असते म्हणून बीटल्सच्या फक्त दोन गाण्यांची जोडी देतो. 'नॉर्वेजियन वूड' १९६५ चं, यात जॉर्ज हॅरिसनची सतार आहे पण ती गिटारच्या जागी वाजते, गाणं तीन मात्रांच्या ठेक्यातलं इंग्लिश लोकगीताच्या वळणाचं. इथे घेतलाय तो फक्त रंग. मग १९६७ चं 'विदिन यू विदाउट यू', तोवर हॅरिसन रविशंकरांकडे शिकायला लागला होता. इथे तानपुरा आहे, कॉर्ड बदलत नाहीत, सप्तक खमाज थाटाच्या जवळचं, मधे वाद्यांच्या भागात लय पाचाच्या गटात जाते, दिलरुबा (गजाने वाजवायचं वाद्य) गळ्याच्या मागोमाग चालतो, आणि बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिनने युरोपियन व्हायोलिन आणि चेलोवाल्यांना त्या दिलरुब्यासारख्या मींडी घ्यायला लावल्या. सुरुवातीला सांगितलेली सा धरून ठेवायची युक्ती दोन्ही गाण्यांवर करून बघा, पहिल्यात टोचेल, दुसऱ्यात बसेल. दोन वर्षांत एक माणूस रंगापासून व्याकरणापर्यंत पोचला, हे कानाने कळतं.

शक्ती ग्रुपचं १९७६ चं पहिलं रेकॉर्डिंग पण ऐकायलाच हवं. इंग्लिश गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनने यासाठी खास गिटार करून घेतली होती, तरफेच्या (न छेडता आपोआप झणकारणाऱ्या) तारा लावलेली, आणि पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरलेलं, म्हणजे तार दाबून, ओढून सूर वर नेता यावा. आपल्याकडे पेटी कापून सोयीची केली तसंच इथे गिटारचं झालं. एल. शंकर यांचं व्हायोलिन, झाकीर हुसेन यांचा तबला, विनायकराम यांचा घटम. हिंदुस्तानी आणि कर्नाटक यांची पण भेट त्यातच आहे, ही गोष्ट पूर्व-पश्चिम म्हणताना निसटते.

तालाकडे येऊ. अमेरिकन जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेकचं 'ब्लू रोन्डो आ ला तुर्क', १९५९ चं. नऊ मात्रा, पण सरळ तीन-तीन-तीन नाही, तीनदा दोन-दोन-दोन-तीन आणि मग चौथ्यांदा तीन-तीन-तीन. तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांकडून त्याने हा ठेका ऐकला होता. टाळीने मोजा, तीन वेळा लहान आणि एकदा लांब, चौथ्या फेरीत तिन्ही लांब. पुढे एकदम चार मात्रांचं जॅझ येतं आणि दोन्ही ठेके आलटून पालटून येतात, तिथे मोजणी चुकली तर मागे जाऊन स्पीड कमी करून ऐका, लाज वाटायचं काही कारण नाही. अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लासचं वेगळं, १९६० च्या दशकात मध्यावर पॅरिसमधे एका सिनेमासाठी रविशंकरांचं संगीत युरोपियन वादकांना वाजवता यावं म्हणून नोटेशनमधे लिहायचं काम त्याच्याकडे आलं, तबलावादक अल्लारखा तिथे होते, आणि बारच्या उभ्या रेघा टाकल्या की ताल चुकीचा वाजतोय असं सारखं होत राहिलं. त्यातून दोन-दोन, तीन-तीनचे लहान गट जोडत लय लांबवत न्यायची पद्धत त्याने स्वतःच्या रचनांत आणली. त्याचं जुनं काम ऐकताना तबला शोधू नका, मिळणार नाही, एकाच तुकड्याला एक सूर जोडला, मग अजून एक, असं वाढत जाणं ऐका.

संगीतकार मेसियानने तर हिंदुस्तानी संगीत न शिकता पुस्तकातून ताल उचलले. शारंगदेवाने १३व्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने संगीतरत्नाकर लिहिला, त्यातल्या १२० देशी तालांची यादी या फ्रेंच माणसाच्या हाती लागली. १९४१ च्या त्याच्या चौकडीत (क्वार्टेट, चार वाद्यांची रचना), जी युद्धकैद्यांच्या छावणीत पहिल्यांदा वाजली, पहिल्या भागात पियानोवर असे तीन ताल जोडून १७ लांब-आखूड मात्रांचा एक साचा फिरतो आणि त्याच्यावर २९ कॉर्डची दुसरी माळ फिरते, दोन्हींची लांबी वेगळी त्यामुळे ती एकत्र जुळतच नाहीत. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, शोधू नका, ती त्याने घेतलीच नाही. मात्रांची लांबी घेतली आणि आवर्तन सोडलं. कुणाला हे अपुरं वाटेल, मला मात्र यादीतल्या कोरड्या मात्रांमधून त्याने इतकं काही उभं केलं याचं फार कौतुक आहे.

हिंदी सिनेमाच्या गाण्यांत हा अभ्यास सगळ्यात सोपा जातो कारण गाणी तोंडपाठ असतात. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा अशा गोव्याच्या अरेंजर मंडळींनी नोटेशन, हार्मनी आणि मोठा व्हायोलिनचा ताफा आणला. पाठ असलेलं एखादं जुनं गाणं घ्या आणि या वेळी गाणाऱ्याकडे पूर्ण दुर्लक्ष करून फक्त मागची व्हायोलिन्स ऐका, गळ्याच्या सुरावटीच्या विरुद्ध दिशेने जाणारी एक दुसरी सुरावट सापडेल. ती पश्चिमेची. गळ्याच्या हरकती, मुरक्या राग-ठुमरीकडून, आणि दोघं एकमेकांना अडवत नाहीत. सलील चौधरींचं 'इतना न मुझसे तू प्यार बढा', १९६१ चं, त्याचा मुखडा मोझार्टच्या ४०व्या सिंफनीच्या सुरुवातीच्या सुरावटीवर आहे. दोन्ही ऐकून बघा पुढे काय होतं. सिंफनीत ती सुरावट मोडतात, तुकडे वेगवेगळ्या पट्ट्यांत फिरवतात. गाण्यात ती मुखडा होते आणि अंतरा झाला की घरी परत येते.

एक सावधगिरी मात्र पाळा. सारखं दिसलं म्हणजे घेतलंच असं नसतं. भूप रागासारखं पाच सुरांचं सप्तक स्कॉटलंडच्या, चीनच्या, आफ्रिकेच्या कितीतरी लोकगीतांत आहे आणि कुणी कुणाकडून घेतलेलं नाही. म्हणून तारखा तपासा, भेट कुठे झाली ते शोधा. अमेरिकन संगीतकार टेरी रायली पंडित प्राणनाथांचा शिष्य, किराना घराण्याची तालीम घेतलेला, पण त्याचं 'इन सी' १९६४ चं आहे आणि गुरूंची भेट त्यानंतरची, तेव्हा त्या रचनेतलं एकाच सुराभोवती फिरणं प्राणनाथांच्या खात्यावर टाकता येत नाही. उलटही होतं, इंग्लिश संगीतकार गुस्ताव होल्स्ट संस्कृत शिकला, ऋग्वेदातल्या सूक्तांची भाषांतरं स्वतः केली आणि १९०८ ते १९१२ मधे त्यांना चाली दिल्या, शब्द पूर्वेचे, संगीत बहुतेक इंग्लिशच. त्यात राग शोधत बसलात तर निराश व्हाल, जे आहे ते ऐकलंत तर फार सुंदर आहे.

हे सगळं जरा पचलं की मग जपानी संगीतकार तोरू ताकेमित्सूची १९६७ ची 'नोव्हेंबर स्टेप्स' लावा, आधी नको. जपानी बिवा (तंतुवाद्य) आणि शाकुहाची (बांबूची बासरी) एकीकडे, पूर्ण युरोपियन ऑर्केस्ट्रा दुसरीकडे, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसाठी लिहिलेली. यात दोन्ही मिसळतच नाहीत आणि ते मुद्दाम आहे. घेणं-सोडणं शोधायची सवय लागलेल्या कानाला इथे हाताशी काही लागत नाही, म्हणून पहिल्यांदा ऐकताना फक्त शाकुहाचीच्या फुंकरीतला वारा आणि त्यानंतरची शांतता किती वेळ राहते ते ऐका, दुसऱ्यांदा फक्त ऑर्केस्ट्रा, आणि तिसऱ्यांदा एक थांबून दुसरा सुरू होतो त्या जागा तेवढ्या पकडा.